थांबा ना, अजून पाच मिनिटं!

आपल्या आचोळ्याच्या माणसाला शेवट बघायची सवयच नाही. नायगाव आलं की सीट सोडायची, वसई सुटली की बॅग छातीवर घेऊन दारात यायचं आणि नालासोपाऱ्याचा प्लॅटफॉर्म दिसायच्या आधीच अर्धं शरीर बाहेर काढायचं. पंधरा वर्षं हेच केलं की ते अंगात मुरतं. मग आपण सगळीकडूनच पाच मिनिटं आधी निघतो. दादरचं लग्न असो, लोअर परळची ऑफिस पार्टी असो, नाहीतर मल्टिप्लेक्समधला पिक्चर. हिरो व्हिलनला शेवटचा ठोसा मारत असतो आणि आपण अंधारात चपला शोधत असतो. का? तर नंतर रिक्षाला लाइन लागते ना बॉस!

फुटबॉल मॅचला हा फंडा सगळ्यात महागात पडतो. अंधेरीच्या स्टेडियमवर ८५वं मिनिट लागलं की स्टँडमध्ये चुळबूळ सुरू होते. बघा कधी. ती सगळी आपल्याच लाइनची मंडळी असतात. मीरा रोड, भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार. स्कोअर ०-० आहे, आता काय होणार आहे, चला. आणि गेटच्या बाहेर पाऊल पडतं न पडतं तोच आतून आवाज येतो. ज्याने तो आवाज बाहेरून ऐकलाय, त्यालाच त्याचं दुःख ठाऊक.

तर आजचा कॉलम त्या आवाजाबद्दल. फायनलच्या शेवटच्या काही मिनिटांबद्दल. आणि ती मिनिटं जे हरतात, त्यांचं पुढे काय होतं त्याबद्दल.

रविवार, रात्री दहाच्या आसपास

१७ मार्च २०१९. रविवार. ठिकाण अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समधलं मुंबई फुटबॉल अरीना. इंडियन सुपर लीगची फायनल, बेंगळुरू एफसी विरुद्ध एफसी गोवा. मुंबई सिटीला त्याच गोव्याने सेमीफायनलमध्ये आपल्याच घरात ५-१ असं धुतलं होतं, त्यामुळे मुंबईकरांचा अर्धा जीव बेंगळुरूत अडकलेला. दुसरीकडे गोव्याहून आलेली भगव्या जर्सीतली पब्लिक. गोव्याकडे कोरो होता, म्हणजे फेरान कोरोमिनास. त्या सीझनला १६ गोल मारणारा माणूस. बेंगळुरूकडे सुनील छेत्री. म्हणजे गोलांचा पाऊस पडणार, असंच सगळ्यांना वाटत होतं.

नव्वद मिनिटं झाली. ०-०.

सोमवारी सकाळी ऑफिस. साडेसातला सुरू झालेली मॅच आता एक्स्ट्रा टाइममध्ये जाणार. म्हणजे आणखी पंधरा अधिक पंधरा, आणि तरी निकाल लागला नाही तर पेनल्टी. घड्याळात साडेनऊ व्हायला आलेले. आपल्यातल्या हुशार मंडळींनी हिशेब केला असणारच: आता निघालो तर अंधेरीहून विरार फास्ट, साडेदहापर्यंत आचोळा रोड, अकराला झोप.

जे थांबले, त्यांनी पुढचं पाहिलं. एक्स्ट्रा टाइमचा पहिला हाफ संपता संपता गोव्याच्या अहमद जाहूला दुसरं यलो कार्ड मिळालं, म्हणजे रेड. जाहू हा गोव्याच्या मिडफिल्डचा कारभारी. सगळे पास त्याच्याकडून जाणार, सगळी गडबड तो निस्तरणार. तोच बाहेर. आता उरलेली पंधरा मिनिटं दहा जणांनी काढायची आणि कशीबशी मॅच पेनल्टीपर्यंत न्यायची, एवढंच गोव्याच्या हातात होतं.

त्यांनी ती जवळजवळ नेली. अगदी थोडी मिनिटं उरलेली असताना बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. स्पॅनिश खेळाडू डिमास डेल्गाडोने बॉल आत टाकला, गर्दीतून एक डोकं वर आलं आणि बॉल जाळ्यात. १-०.

ते डोकं कोणाचं? छेत्रीचं नाही. स्पेनहून किंवा व्हेनेझुएलाहून आणलेल्या कुठल्या स्टारचंही नाही. ते होतं राहुल भेकेचं. मुंबईचा मराठी मुलगा, काम डिफेंडरचं. म्हणजे ज्याचा पगार गोल वाचवण्यासाठी, मारण्यासाठी नव्हे. मुंबईत जन्मला, मग नाव कमावायला कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेला, तिथून बेंगळुरूला. आणि त्याच्या करिअरचा सगळ्यात मोठा गोल झाला तो आपल्या गावात, वीरा देसाई रोडला. फक्त जर्सी दुसऱ्या शहराची होती. हे तर अगदी आपल्यासारखंच झालं! राहायचं इथे, नाव कमवायचं दुसऱ्या गावाच्या कंपनीत.

सगळं शेवटीच का होतं?

ही काही नुसती नशिबाची गोष्ट नाही. जगातल्या बहुतेक लीग घ्या, मॅचचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा तुकडे करा आणि गोल मोजा. सगळ्यात जास्त गोल शेवटच्या तुकड्यात सापडतात. कारणं साधी आहेत.

एक, पाय. मॅचभरात एक खेळाडू सर्वसाधारणपणे दहा किलोमीटरच्या आसपास पळतो, तेही सरळ रेषेत नाही. थांबत, वळत, उड्या मारत. पायाआधी डोकं थकतं. आपला माणूस कोण, त्याच्या किती जवळ राहायचं, हे पहिल्या मिनिटाला पाठ असतं. शंभराव्या मिनिटाला ते अर्ध्या सेकंदाने उशिरा आठवतं. कॉर्नरला तो अर्धा सेकंद पुरतो.

दोन, हावरेपणा. हरणारी टीम शेवटी डिफेन्स उघडा टाकून पुढे येते. मग एकतर ती गोल मारते किंवा खाते. मधलं काही होत नाही.

तीन, ताजे पाय. पूर्वी तीनच बदली खेळाडू आणता यायचे, २०२० पासून पाच आणता येतात. म्हणजे समोरचा ८० मिनिटं पळून घामाघूम झालाय आणि त्याच्या अंगावर आता नुकता शॉवर घेतल्यासारखा एक जण सोडला जातो.

आणि चार, घड्याळच. जखमा, बदल्या, वेळकाढूपणा यात गेलेला वेळ रेफरी शेवटी जोडून देतो आणि २०२२ च्या कतार वर्ल्ड कपपासून हा हिशेब फार काटेकोर झालाय. नव्वदच्या पुढे आठ-दहा मिनिटं मिळणं आता नेहमीचं. म्हणजे तुम्ही ८५ व्या मिनिटाला उठता तेव्हा पाच नाही, पंधरा मिनिटांची मॅच सोडून जात असता. तिकिटाच्या पैशात हिशेब करा. आपल्याला हिशेब आवडतो.

आपण एकटेच असे, असंही नाही हं. २६ मे १९९९ ला बार्सिलोनात युरोपियन चॅम्पियन्स लीगची फायनल होती. बायर्न म्युनिक १-० ने पुढे. युरोपियन फुटबॉलचे प्रमुख लेनार्ट योहान्सन ट्रॉफी द्यायला वरून खाली निघाले. ते मैदानात पोचेपर्यंत मँचेस्टर युनायटेडने दोन गोल मारले होते. बघतात तर जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत! साहेबांना काही कळेचना. आणि ते दोन्ही गोल कोणाचे? शेरिंगहॅम आणि सोल्स्क्यार. दोघंही बदली खेळाडू. मुद्दा क्रमांक तीन.

एक वर्ष आधी, त्याच तारखेला

आता खरी गंमत सांगते. अंधेरीतल्या त्या कॉर्नरची सुरुवात अंधेरीत झालीच नव्हती.

१७ मार्च २०१८. बरोबर एक वर्ष आधी, तीच तारीख. आयएसएलची फायनल बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर. घरचं मैदान, घरची पब्लिक, लीगमध्ये पहिला नंबर आणि बेंगळुरू चेन्नईयिनकडून ३-२ हरली. तेव्हा एक बोलवा होती की लीग टेबलमध्ये टॉपला येणारी टीम कप जिंकतच नाही. ३६५ दिवस बेंगळुरूच्या पोरांनी हे ऐकलं असणार. पुढच्या वर्षी ते पुन्हा टेबलमध्ये टॉपला आले, पुन्हा फायनलला आले, आणि पुन्हा ०-० वर अडकले. या सगळ्याच्या नंतर तो कॉर्नर आला. भेकेच्या डोक्यात उडी मारताना मागचं वर्ष होतं की नाही, ते तोच जाणे. पण टॉपला येऊन कप जिंकणारी आयएसएलची पहिली टीम म्हणून बेंगळुरूचंच नाव लागलं.

मग आता गोव्याचं काय? अशी फायनल हरलेल्या माणसांचं काय होतं?

२०२० साली गोव्याचे कोच सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीकडे आले. त्यांच्या मागोमाग रेड कार्डवाला जाहू आला. उंचापुरा डिफेंडर मुर्तदा फॉल आला. गोव्याचा स्वतःचा पोरगा मंदार राव देसाई आला. अंधेरीतला तो कॉर्नर ज्यांनी खाल्ला होता, ती अख्खी फळी आता अंधेरीच्याच टीमच्या निळ्या जर्सीत. ऑफिसमध्ये नाही का होत? एक प्रोजेक्ट बुडतं आणि सहा महिन्यांनी तीच सगळी मंडळी समोरच्या कंपनीत एकत्र कॉफी पिताना दिसतात!

तो कोविडचा सीझन. सगळे सामने गोव्यात, बायो-बबलमध्ये, रिकाम्या खुर्च्यांसमोर. मुंबई सिटीने आधी लीग शील्ड जिंकली आणि १३ मार्च २०२१ च्या शनिवारी फायनलला उभी राहिली. समोर एटीके मोहन बागान. मैदान मडगावचं फातोर्डा. म्हणजे लोबेरा, जाहू, फॉल, मंदार यांचं जुनं घर.

सुरुवात कशी झाली असेल? १८ व्या मिनिटाला जाहूच्या पायातून बॉल हिसकावला गेला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल ठोकला. ०-१. दोन वर्षांपूर्वी रेड कार्ड, आज ही चूक, तीही फायनलमध्येच. त्या क्षणी जाहूच्या जागी स्वतःला ठेवून बघा. क्लायंटसमोर सलग दुसऱ्यांदा प्रेझेंटेशन हँग झालंय!

पण २९ व्या मिनिटाला बागानच्या तिरीने हेडर मारताना बॉल स्वतःच्याच जाळ्यात घातला. १-१. हाफटाइमच्या सुमारास मुंबईचाच पोरगा अमेय रानवडे धडकेत जबर जखमी झाला, मैदानात अॅम्ब्युलन्स आली. टीव्हीवर बघणाऱ्यांच्याही घशात आवंढा आला होता. (पुढे तो बरा होऊन खेळायला लागला, काळजी नसावी.) सेकंड हाफ तसाच तणावात गेला. घड्याळात ९० लागलेले. एक्स्ट्रा टाइमची तयारी.

आणि एक लांब बॉल बागानच्या बॉक्सकडे गेला. त्यांचा गोलकीपर अरिंदम भट्टाचार्य. त्या सीझनचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सगळ्यात भारी गोलकीपर. तोच गडबडला. बार्थोलोम्यू ओगबेचेने बॉल मिळवला, बिपिन सिंगकडे ढकलला आणि बिपिनने तो आत घातला. २-१. मुंबई सिटीची पहिली आयएसएल ट्रॉफी.

स्टेडियममध्ये एक प्रेक्षक नाही. तो आवाज त्या रात्री अंधेरीत नाही, फातोर्ड्यात नाही, तर आपापल्या घरातल्या सोफ्यावर झाला. शेजारच्या फ्लॅटमधून कोणी ओरडलं की कळायचं, अरे, इथेही एक जण बघतोय!

आणि अरिंदम? सीझनभर भिंतीसारखा उभा होता. लोकांना आठवते ती एक चूक. शेवटच्या मिनिटांचा हा अन्याय असतोच. सुरुवातीच्या मिनिटाला केलेली चूक भरून काढायला जाहूसारखी ७२ मिनिटं मिळतात. नव्वदाव्या मिनिटाला केली तर पुढचा सीझन उजाडावा लागतो. बागानला तो दोन वर्षांनी उजाडला. २०२३ ला, त्याच फातोर्ड्यावर, बेंगळुरूविरुद्ध १-२ ने मागे असताना ८५ व्या मिनिटाला पेट्राटोसने पेनल्टीवर बरोबरी केली आणि मग शूटआउटमध्ये ४-३ ने कप नेला.

दिसतेय ना साखळी? २०१८ ला हरलेली बेंगळुरू २०१९ ला जिंकते. २०१९ ला हरलेले गोवेकर २०२१ ला मुंबईतर्फे जिंकतात. २०२१ ला हरलेली बागान २०२३ ला. आपल्याला टीव्हीवर तो एक गोल दिसतो. त्याच्या मागे आधी हरलेली एक फायनल असते, ती हायलाइट्समध्ये दाखवत नाहीत.

भेकेचं म्हणाल तर तो २०२१ मध्ये मुंबई सिटीकडे आला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबईने २-१ ने मॅच मारली, एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिलावहिला विजय. विनिंग गोल कोणाचा? ७५ वं मिनिट, राहुल भेके, हेडर! त्या टीममध्ये जाहूही होता, अंधेरीत ज्याच्या रेड कार्डानंतर भेकेने गोल मारला तोच. २०२४ ला मुंबईने कोलकात्यात जाऊन बागानला ३-१ ने हरवून पुन्हा कप आणला, तेव्हा कॅप्टन भेके होता. मग तो परत बेंगळुरूला गेला, आणि २०२५ च्या फायनलला बेंगळुरू बागानकडून १-२ हरली. एक्स्ट्रा टाइममध्येच. साखळी चालूच आहे.

अठरा वर्षांचा पोरगा आणि एक सेकंद

हाच खेळ कॉलेजच्या वयात कसा दिसतो, ते बघायचं तर जरा अमेरिकेत जाऊ. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचं काम कमीच. बॉल हातात धरून पळायचं किंवा लांब फेकायचा आणि समोरच्याने तुम्हाला आडवं पाडायचं. आपल्या कबड्डीवाल्यांना पाच मिनिटांत कळेल. पण तिथे कॉलेजांच्या फायनलला सत्तर हजारांवर माणूस जमतो आणि मैदानावर असतात एकोणीस-वीस वर्षांची पोरं, ज्यांना पुढच्या आठवड्यात लेक्चरला बसायचंय.

जानेवारी २०१६. अलाबामाने क्लेमसनला ४५-४० असं हरवलं. जानेवारी २०१७, पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा फायनल. दोन मिनिटं सात सेकंद उरलेले असताना अलाबामाचा जेलन हर्ट्स, वय १८, स्वतः बॉल घेऊन ३० यार्ड पळाला आणि टीमला ३१-२८ ने पुढे नेलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षात नॅशनल हिरो! हिरोपण दोन मिनिटं टिकलं. क्लेमसनच्या डेशॉन वॉटसनने टीम पुढे पुढे नेली आणि एक, फक्त एक सेकंद बाकी असताना हंटर रेनफ्रोकडे बॉल फेकला. ३५-३१. हा रेनफ्रो क्लेमसनमध्ये स्कॉलरशिपशिवाय आला होता. कोणी बोलावलं नव्हतं, स्वतःच ट्रायलला उभा राहिला होता.

हर्ट्सने काय करावं? पुढच्या वर्षी टीमला परत फायनलला आणलं. जानेवारी २०१८, समोर जॉर्जिया, हाफटाइमला ०-१३. कोच निक सेबनने सगळ्या देशासमोर त्याला बसवला आणि टुआ टॅगोवायलोआ नावाच्या नव्या पोराला आत सोडलं. टुआने मॅच फिरवली, एक्स्ट्रा टाइममध्ये लांबच लांब थ्रो मारून २६-२३ ने जिंकवली. टीम जिंकली आणि हर्ट्सची जागा गेली. कॅमेरे त्याचं तोंड शोधत होते. तो टुआबरोबर नाचत होता.

तुमच्या जागेवर ज्युनिअरला बसवलं तर तुम्ही नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट कराल. मीही करेन. हर्ट्स थांबला. डिसेंबर २०१८ मध्ये तेच अटलांटाचं स्टेडियम, तोच समोरचा संघ, फायनल मात्र त्यांच्या विभागाची. अलाबामा २१-२८ ने मागे आणि टुआ जखमी. बेंचवरून हर्ट्स आला. त्याने बरोबरी साधली आणि एक मिनिट चार सेकंद उरले असताना स्वतः पळत जाऊन टीमला पुढे नेलं. ३५-२८.

त्यानंतर त्याने कॉलेज बदललं, प्रोफेशनल झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सतर्फे सुपर बोल जिंकून सामन्यातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २०१७ च्या त्या एका सेकंदाला टीव्ही बंद करून झोपलेल्यांना वाटलं असेल, संपला हा.

आणि आपल्या आचोळ्यात?

आपल्याकडे फायनल रोज होते. संध्याकाळी कुठल्याही टर्फच्या जाळीबाहेर उभे राहा. तास भरत आलेला असतो. पुढचं बुकिंगवाले बूट घालून जाळीला टेकलेले, टर्फवाला लाइटच्या बटणापाशी. स्कोअर ७-४ असो नाहीतर ११-२, आतून एक जण ओरडतो, लास्ट गोल विन! झालं. मागचं सगळं माफ. तासभर चालत असलेली मंडळी अचानक जीव तोडून पळायला लागतात. गोलकीपर पुढे येतो. आयटीवाला, बँकवाला, कॉलेजवाला, सगळे त्या एका बॉलच्या मागे. आयएसएलमध्ये जे होतं ना, तेच.

पण टर्फवर हरलेल्याला उद्या परत बुकिंग मिळतं. कॉलेजच्या टीममधल्या मुलाचं तसं नसतं. वसईच्या वर्तक किंवा गोन्सालो गार्सिया कॉलेजातला मुलगा मुंबई विद्यापीठाच्या इंटरकॉलेज सामन्यांत खेळतो. मॅच मुंबईला असली तर पीक अवरच्या विरार लोकलमध्ये किट बॅग घेऊन घुसायचं, आणि त्या बॅगवरून चार शिव्या खायच्या. सामना वर्किंग डेला, भर दुपारी. बघायला कोण? बेंचवरची पोरं, सर आणि एखादा मित्र. शेवटच्या मिनिटाला गोल खाऊन हरलं तरी ते कुठे छापून येत नाही. रात्री घरी आल्यावर आई विचारते, जेवलास का? बाबा विचारतात, पुढे काय?

प्रश्न चुकीचा नाही. आचोळ्यात फ्लॅटचा ईएमआय भरणाऱ्या बापाला तो पडणारच. क्रिकेटमध्ये निदान एक शिडी आहे. विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ ला हॅरिस शील्डमध्ये ५४६ रन केले आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या देशाला तो माहीत होता. फुटबॉलमध्ये शालेय मैदानावरची अशी बातमी होत नाही. म्हणून बहुतेक पोरं त्याच हरलेल्या मॅचला थांबतात. एकविसाव्या वर्षी, टी. वाय.च्या परीक्षेआधी, बूट माळ्यावर. बेंगळुरूला पुढचा १७ मार्च मिळाला. लोबेरा-जाहूला दुसरी टीम मिळाली. हर्ट्सला बेंचवर का होईना, जागा होती. आपल्या पोराला दुसरी फायनल मिळायच्या आधीच आपण त्याला घरी आणतो, कारण आपल्याला वाटतं की मॅच संपली.

सगळेच भेके होणार नाहीत, हे मलाही कळतं. शंभरातला एकसुद्धा होणार नाही. पण एक जास्तीचं वर्ष, एक जास्तीचा सीझन, हे देता येतं. नोकरी लागली असेल तर रविवारी सकाळी खेळता येतं. कंपन्यांच्या टुर्नामेंट असतात, लोकल क्लब असतात. आणि आपण, ज्यांना खेळता येत नाही पण बघता येतं, आपण निदान बघायला जाऊ शकतो. एखादी इंटरकॉलेज फायनल. दर डिसेंबरात वसईला भरणारा कला-क्रीडा महोत्सव. घराजवळच्या मैदानावरची अंडर-नाइन्टीन. तिकीट नाही, पार्किंगचं टेन्शन नाही. शेवटच्या पाच मिनिटांत दहा अनोळखी माणसं बाउंड्रीला उभी आहेत एवढं दिसलं तरी त्या पोरांचे पाय जरा वेगळे पळतात. कधीतरी जाऊन बघा.

जायचंच असेल तर

अंधेरीला मॅच जाहीर झाली की नालासोपाऱ्याहून चर्चगेट फास्ट पकडा, अंधेरी वेस्टला उतरा. रिक्षा मिळाली नाही तर मेट्रो वनने आझाद नगर, तिथून चालत. मोठी बॅग नेऊ नका, गेटवर अडवतात. पोटात काहीतरी टाकून जा. घरी सांगून ठेवा की उशीर होईल आणि तो का होईल ते सांगू नका, कारण आधी कोणालाच माहीत नसतं.

आणि ८५ व्या मिनिटाला बाजूचा उठला तर उठू दे. तुम्ही पाय आवळून त्याला जायला जागा द्या आणि परत बसा. विरार लोकल मध्यरात्रीनंतरही असते. ही गेली तर पुढची येते.